उकळीचा हिशेब

धनत्रयोदशीच्या आठवड्यात उमरखेड, पुसद, महागावच्या भांड्यांच्या दुकानांत तांब्या-पितळेच्या शेजारी आता विजेच्या वस्तूही मांडलेल्या असतात. स्टीलची चकचकीत किटली, इंडक्शनची शेगडी, चहा मेकर, कॉफी मेकर, दुधाला फेस आणणारी बॅटरीची काडी. फुलसावंगीसारख्या गावातही या वस्तू पोहोचल्या आहेत. कधी पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला येताना घेऊन येतो, कधी लग्नात आहेर म्हणून मिळतात, कधी फोनवरून मागवलेला खोका थेट दारात येतो. संक्रांतीपर्यंत त्यातल्या कितीतरी माळ्यावर गेलेल्या असतात. पैसे वाया जातात, आणि ज्या बाईच्या सोयीसाठी वस्तू आणली तिच्या हातातला गॅसवरचा गंज काही सुटत नाही. हे का होते, आणि होऊ नये म्हणून विकत घेताना काय पाहावे, याचा हा आढावा.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगतो. बाजारात गरम पेयांसाठी जी यंत्रे मिळतात, त्यांतली बहुतेक पाणी ओतून पेय करणाऱ्या लोकांसाठी घडली. आपण पेय उकळणारे लोक आहोत. पाणी, साखर, पत्ती, आले, गवती चहा आणि दूध हे सगळे एकाच भांड्यात, एकाच आचेवर, वर येईपर्यंत. हा फरक लक्षात घेतला की निम्मी निवड तिथेच होऊन जाते. उरलेली निम्मी आपल्या घरातली लाइट आणि आपल्या बोअरचे पाणी ठरवते. या दोन्ही गोष्टी कुठल्याच खोक्यावर छापलेल्या नसतात.

विजेच्या किटलीपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक खप तिचाच आहे. १९५५ साली ब्रिटनमध्ये रसेल हॉब्ज कंपनीने उकळी आली की आपोआप बंद होणारी किटली बाजारात आणली. तिचे तत्त्व आजही तेच आहे. पाणी उकळले की वाफ एका वाटेने दोन धातूंच्या पातळ चकतीपर्यंत जाते, चकती तापून वाकते आणि बटण पडते. म्हणून झाकण उघडे ठेवले तर किटली बंद होत नाही, उकळतच राहते. ज्या देशात चहाच्या पिशवीवर उकळते पाणी ओततात, तिथे या वस्तूने खरोखर क्रांती केली. आपल्या चहाला तिचा उपयोग नाही. तिच्यात दूध घालायचेच नसते. तळाशी प्रथिने चिकटतात, करपतात, वर फेस चढून वाफेची वाट बंद होते, आणि करपट वास महिनाभर जात नाही. वसतिगृहातली मुले तिच्यात नूडल्स आणि अंडी शिजवतात, त्या किटल्यांचे आयुष्य फार नसते.

तरीही किटली घ्यावी अशी घरे आहेत, आणि ती कमी नाहीत. घरात म्हातारे माणूस आहे, पहाटे चारला उठून त्याला कोमट पाणी लागते. बाळंतीण आहे. दवाखान्यात कुणी भरती आहे आणि सोबत राहणाऱ्याला गरम पाण्यासाठी कँटीनपर्यंत जावे लागते. दहावी-बारावीचे पोर रात्री जागते आहे आणि त्याने झोपेत गॅस पेटवू नये असे आईला वाटते. अशा घरांसाठी किटली ही गरम पाण्याची सोय आहे, आणि त्या कामात तिला तोड नाही. काढा, सुंठीचे पाणी, कोरा चहा, एक चमचा इन्स्टंट कॉफी, एवढे तिच्या पाण्यावर भागते.

घ्यायचीच तर आतून पूर्ण स्टीलची घ्यावी, बाहेरचा थर वेगळा असलेली मिळाली तर आणखी चांगले, म्हणजे लहान मुलाचा हात लागला तरी भाजत नाही. वायर आखूड असावी. ओट्याच्या कडेवरून लोंबणारी वायर रांगत्या पोराने ओढली तर दीड लिटर उकळते पाणी त्याच्या अंगावर येते. आयएसआयचा शिक्का पाहावा, आणि शिक्क्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा आहे का तेही पाहता येते. दुकानात उभे राहूनच पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

लाइटचा प्रश्न मात्र थोडे थांबून समजून घेण्यासारखा आहे. दीड हजार वॉटची किटली २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढते. घरातला साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. म्हणूनच अशा किटलीला बहुधा जाड पिनांचा प्लग असतो, आणि म्हणूनच त्याला कन्व्हर्टर लावून तो साध्या सॉकेटमध्ये खुपसणे धोक्याचे आहे. सॉकेट तापतो, पिवळा पडतो, एके दिवशी वितळतो. दुसरे असे की उष्णता देणाऱ्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. रब्बीत मोटारी सुरू झाल्या, डीपीवर ताण आला आणि व्होल्टेज १८० वर आले, तर दीड हजार वॉटची किटली जेमतेम सव्वानऊशे वॉटची उरते. चार मिनिटांत उकळणारे लिटरभर पाणी साडेसहा मिनिटे घेते. वस्तू खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण होते, आणि दोष असतो तारेतल्या दाबाचा. घरगुती इन्व्हर्टरवर तर किटली लावूच नये. नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर सातशे वॉटच्या आसपास दम धरतो. त्याच्यावर दिवे, पंखे आणि टीव्ही चालवावा.

अर्थिंगचेही सांगायला हवे. आपली काळी माती पावसाळ्यात चिकट होते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मीठ-कोळसा भरून केलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडला की तो नावापुरता उरतो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणे हे फुकटचे काम आहे, आणि ज्या घरात किटली, गिझर किंवा पाणी तापवायची कांडी आहे तिथे ते विसरून चालत नाही. कांडीबद्दल एकच: बादलीत बटण चालू असताना बोट घालून पाणी तापले का ते पाहण्याने माणसे गेली आहेत. चहाच्या पाण्यासाठी ती कधीच वापरू नये.

खर्चाचा हिशेब लोक विचारतात. लिटरभर पाणी पंचवीस अंशांवरून पंच्याण्णवपर्यंत न्यायला साधारण २९३ किलोज्यूल उष्णता लागते. किटलीत हे काम एक दशांश युनिटमध्ये होते. गॅसवर, बर्नर चांगला असेल तर, दहा ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरवर चौदाशे लिटर. आपल्या बिलातला युनिटचा दर दहाने भागावा, सिलिंडरची किंमत चौदाशेने भागावी, आणि दोन आकडे शेजारी ठेवावेत. सिलिंडर नऊशेचा आणि युनिट आठ रुपयांचे धरले तर एकीकडे चौसष्ट पैसे येतात, दुसरीकडे ऐंशी. थोडक्यात, बचतीसाठी किटली घेण्यात अर्थ नाही. आणि एका कपासाठी भरून दीड लिटर उकळले तर तोटाच.

पाण्याकडे तर फार कमी लोक पाहतात. या भागातले बोअरचे पाणी बेसाल्टच्या खडकातून येते आणि बऱ्याच ठिकाणी जड असते. उकळले की त्यातला चुना खाली बसतो. गंजाला आपण घासून काढतो, म्हणून तिथे तो दिसत नाही. किटलीच्या तळाशी मात्र पांढरा थर साचत जातो, उष्णता अडवतो, आणि आतली चकती लवकर जाते. पंधरा दिवसांनी एकदा अर्धी किटली पाणी, त्यात दोन लिंबांचा रस किंवा चमचाभर लिंबूसत्त्व, एक उकळी, अर्धा तास तसेच, मग दोनदा स्वच्छ पाणी. एवढ्याने किटली वर्षानुवर्षे चालते. जड पाण्यात चहाचा रंगही मळकट येतो आणि वर पातळ तवंग धरतो. पत्ती बदलून पाहण्याआधी एकदा नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा चहा करून पाहावा.

आता दुधाचे. इथे मला एका मुंबईकर अभियंत्याची आठवण काढावीशी वाटते. सत्यप्रकाश माथुर सीमेन्स कंपनीत होते. त्यांच्या घरातला परदेशी ब्लेंडर भारतीय वाटण-दळणाच्या ओझ्याने जळाला, तेव्हा त्यांनी आपल्या स्वयंपाकघराला पेलेल अशी मोटर घडवायला घेतली आणि १९६३च्या सुमारास सुमीत मिक्सर जन्माला आला. कोरडी हळद, खोबरे, भिजवलेली डाळ हे सगळे एका यंत्राने केले, कारण ते करायचे आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक होते. चहा-कॉफीच्या यंत्रांना असा माथुर मिळाला नाही, असे मला फार दिवस वाटत आले आहे. आजचे ‘चहा मेकर’ त्या दिशेने केलेले प्रयत्न आहेत. दूध-पाणी-पत्ती एकत्र उकळून वेळेवर बंद होतात. पण आले किसून कधी घालायचे, दूध कधी, उकळी किती वेळा वर आणायची, हे घराघराचे वेगळे असते आणि ते बटणात बसत नाही. शिवाय धुताना खालचा विजेचा भाग भिजणार नाही ही काळजी रोज घ्यावी लागते. दोन माणसांच्या नोकरदार घरात ते चालेल. ज्या घरात दिवाळीत सकाळपासून पाहुण्यांसाठी आठ-दहा वेळा चहा टाकावा लागतो तिथे ते पुरत नाही.

आपल्या दुधासाठी खरी घडलेली वस्तू वेगळीच आहे, आणि ती साधी आहे: शिट्टीचा मिल्क कुकर. दोन भिंतींचे भांडे, मधल्या पोकळीत पाणी. पाण्याची वाफ झाली की शिट्टी वाजते. दूध वाफेच्या उष्णतेने तापते, त्यामुळे तळाशी लागत नाही आणि उतू जात नाही. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे आत काही नाही, शिट्टी आणि झाकणाचे रबर सोडले तर. म्हशीचे घट्ट दूध, घरात दोन-तीन लिटरांचा रतीब, आणि बाईला त्याच वेळी भाकऱ्या थापायच्या आहेत, अशा घरात ही वस्तू किटलीच्या आधी घ्यावी. हळदीचे दूधही यात चांगले होते, आणि आपल्याकडे पैनगंगेच्या दोन्ही अंगांना हळद पिकते, वसमत-हिंगोलीची बाजारपेठ लांब नाही, त्यामुळे चांगल्या हळदीची चणचण नाही.

इंडक्शनची शेगडी ही दुसरी कामाची वस्तू. किटली आणि चहा मेकर अशा दोन वस्तू घेण्यापेक्षा एक इंडक्शन आणि त्यावर चालणारा स्टीलचा गंज, हे मी कुणालाही सांगेन. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटले तर ते भांडे चालते, ॲल्युमिनियमचे चालत नाही. सिलिंडर संपला आणि नंबर लागायला दोन दिवस आहेत, त्या दोन दिवसांत तिची किंमत कळते. व्होल्टेज फार खाली गेले की ती बंद पडते, हे मात्र धरून चालावे.

कॉफीकडे वळतो, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. विदर्भाला कॉफी परकी आहे असे समजणाऱ्यांनी चिखलदरा आठवावा. सातपुड्यातल्या या ठिकाणी, हजार मीटरहून अधिक उंचीवर, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे गाव म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस १९३६ साली उघडले. पुढे कॉफी बोर्डाने ही दुकाने बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी १९५७ पासून स्वतःच्या सहकारी संस्था काढून ती चालवली. नागपूरला सदरमध्ये इंडियन कॉफी हाऊस आहे, आणि कोर्ट-कचेरीच्या कामाला नागपूरला गेलेल्या कितीतरी यवतमाळकरांनी खरी फिल्टर कॉफी पहिल्यांदा प्यायली ती तिथेच. गावात मात्र कॉफी म्हणजे दुधात घातलेली इन्स्टंट, वर जायफळ किसून. चहा न घेणाऱ्या पाहुण्याला, उपासाच्या दिवशी, पुरणपोळीच्या जेवणानंतर. ही जायफळाची कॉफी आपली आहे, आणि तिच्यात कमीपणा मानण्यासारखे काहीही नाही.

इन्स्टंट कॉफीचे पाकीट दोन-पाच रुपयांना मिळते आणि तिला यंत्र लागत नाही, म्हणून ती गावोगाव पोहोचली. नेस्ले कंपनीने नेसकॅफे १९३८ साली आणली. आपल्याकडच्या पुष्कळ इन्स्टंट पावडरींत चिकोरी असते. कायद्याने कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते वाचावे. चिकोरी वाईट नाही, कॉफीला रंग आणि दाटपणा देते. पण कॉफीच्या भावाने निम्मी चिकोरी घेऊ नये. पावसाळ्यात मोठी बरणी उघडली की पावडरीचा दगड होतो. चार माणसांच्या घरात लहान पाकिटेच बरी.

यंत्रांमध्ये उतरायचे तर आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: दूध घालून प्यायची की कोरी? दूध घालणाऱ्याला दाट अर्क हवा, कारण दूध चव दाबून टाकते. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिट्टा बेंट्झ यांनी कागदातून कॉफी गाळायची युक्ती काढली, तिच्यातूनच पुढे ड्रिप कॉफी मेकर आले. दट्ट्या दाबायचा फ्रेंच प्रेस आला. या सगळ्यांची कॉफी कोरी प्यावी, सुंदर लागते. म्हशीच्या दुधात ती हरवते. दुकानात हजार-पंधराशेला मिळणारा विजेचा ड्रिप कॉफी मेकर घेऊन निराश झालेली घरे मी पाहिली आहेत. यंत्रात दोष नव्हता, ते दुसऱ्या पेयासाठी होते.

आपल्या कपासाठी सर्वात योग्य वस्तू म्हणजे दक्षिणेकडचा दोन डब्यांचा फिल्टर, स्टीलचा किंवा पितळेचा. वरच्या डब्यात तीन-चार चमचे पावडर, हलकेच दाबायची, उकळते पाणी, झाकण. थेंबथेंब अर्क खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. रात्री लावून ठेवला तरी चालते, सकाळी दूध तापवून मिसळायचे. व्होल्टेज नको, सर्व्हिस सेंटर नको, काही शे रुपयांची वस्तू दोन पिढ्या टिकते. अर्क फारच भरभर उतरत असेल तर दळण जाड आहे, उतरतच नसेल तर फार बारीक. छिद्रे बुजली तर रिकामा वरचा डबा गॅसवर दोन क्षण धरून झटकावा, पण पितळेला कल्हई असेल तर आच लावू नये, नुसते गरम पाण्यात भिजवून घासावे.

त्याच्या खालोखाल मोका पॉट. १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात तयार झालेले हे अष्टकोनी भांडे. खालच्या पाण्याची वाफ दाब देते आणि गरम पाणी पावडरीतून वर चढते. पाच-सात मिनिटांत दाट, कडक कॉफी. आपल्या गॅसच्या जाळीवर त्याचे छोटे बूड नीट बसत नाही, तेव्हा वर ठेवायची लोखंडी चकती सोबतच घ्यावी. रबरी वायसर जादा मागवून ठेवावा, तो इथे कुठल्या दुकानात मिळणार नाही. सुरक्षेच्या झडपेत चुना साचू देऊ नये.

एस्प्रेसो मशीनबद्दल थोडक्यात सांगतो. खऱ्या एस्प्रेसोला नऊ बार दाब लागतो. खोक्यावरचे ‘१५ बार’ ही पंपाची कमाल ताकद असते, कपाची चव त्यावरून ठरत नाही. स्वस्तातली मशीन वाफेवर चालतात आणि त्यांचा दाब नऊच्या जवळ जात नाही. त्यांना बारीक ताजे दळण लागते, हलके पाणी लागते, स्थिर व्होल्टेज लागते, आणि बिघडले की नांदेड किंवा नागपूर गाठावे लागते. गावात चहा-कॉफीचे हाटेल टाकणाऱ्याने गिऱ्हाईक पाहून तो विचार करावा. घरासाठी मी सुचवणार नाही.

फेसासाठी बॅटरीची काडी लोक हौसेने घेतात. घरातली लहान रवी तेच काम करते, दूध सत्तर अंशांच्या आत गरम असावे आणि साय काढलेली असावी. साखर-पावडर चमचाभर पाण्यात फेटून वर दूध ओततात ती कॉफी मात्र इन्स्टंटचीच होते, फिल्टरची पावडर कितीही फेटली तरी फुलत नाही.

यंत्रापेक्षा पावडरीवर खर्च करावा हे मी आवर्जून सांगेन. दळलेल्या कॉफीचा सुगंध तीन-चार आठवड्यांत उतरतो, आणि आपल्याकडच्या बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. शंभर-दोनशे ग्रॅमच आणावी, नागपूरहून, चिखलदऱ्याहून किंवा टपालाने, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवावी. बिया मिळाल्या तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत थांबत, दोन-दोन सेकंद फिरवावे. सलग फिरवले तर पावडर तापते. लसूण-मिरचीचे भांडे त्यासाठी वापरू नये.

राहता राहिला थर्मास, आणि फुलसावंगीच्या शिवारासाठी मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शेतीची लाइट पाळीपाळीने येते आणि पुष्कळदा रात्रीची येते. हरभऱ्याला, गव्हाला, उसाला, हळदीला पाणी द्यायला माणूस डिसेंबरच्या थंडीत रात्री अकराला बांधावर जातो आणि पहाटे परततो. त्याच्यासोबत जो गरम घोट जातो, त्याच्या निवडीवर कुणी लिहीत नाही. एकेकाळी काचेचे थर्मास असत, तळेगावच्या कारखान्यातले ईगलचे नाव घराघरात होते. ते उष्णता छान राखत, पण बांधावर एकदा पडले की आतून खळखळ वाजत. शेतासाठी दोन भिंतींचा स्टीलचाच घ्यावा. भरण्याआधी उकळते पाणी ओतून पाच मिनिटे ठेवावे, मग ते टाकून चहा भरावा, आणि काठोकाठ भरावा, कारण आत हवा राहिली की लवकर निवतो. दुधाचा चहा चार-पाच तासांपलीकडे ठेवू नये, कोमट झाला की तो नासतो आणि पोट बिघडवतो. रात्रभरासाठी कोरा चहा किंवा आल्या-सुंठीचा काढा न्यावा, साखर वेगळी. तोंड रुंद असलेला घ्यावा, म्हणजे हात किंवा ब्रश आत जातो. झाकणाचे रबर दर दोन-चार दिवसांनी काढून धुवावे, वास तिथेच धरतो. पाण्याची पाळी दोघांची असेल तर एक लिटरचा पुरतो. एकटा जाणाऱ्याला अर्ध्या लिटरचा, आणि पैसे उरले तर त्यातून चांगली बॅटरी.